क्लचचा पाय जड झाला तर

आजचं बोलणं गाडी चालवणाऱ्या आणि शिकू बघणाऱ्या जणींसाठी आहे. कुणाच्या गटाकडे दुधाची व्हॅन आहे, कुणाकडे भाजीची, कुणी शाळेची मुलं सोडते. गाड्या बहुतेक जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. अशा गाडीत एक तक्रार हमखास येते: डावा पाय दुखतो, क्लच दाबताना जोर लावावा लागतो, संध्याकाळी गुडघा ठणकतो.

आणि ही तक्रार बाईने सांगितली की उत्तर तयार असतं. “ताई, तुम्हाला सवय नाही.” किंवा, “बायकांच्या पायात कुठली ताकद?” आमच्या गटातल्या एका ताईला हे दोन महिने ऐकावं लागलं. आठवडी बाजाराच्या तीन फेऱ्या ती एकटी करायची. पुढे पुढे तर ‘पगारी ड्रायव्हर ठेवू या’ अशी बोलणी बैठकीत सुरू झाली. म्हणजे तिची कमाई जाणार आणि गटाचा खर्च वाढणार. ताकदीचा प्रश्नच नव्हता हो. रोज दोन हंडे डोक्यावर घेणारी बाई ती. चांगला क्लच कुणाच्याही पायाने दबतो. तो दबत नसेल तर दोष गाडीत शोधायचा.

आधी क्लच म्हणजे काय ते बघू. स्टीलची दोन ताटं एकमेकींवर घट्ट दाबून धरा आणि खालचं फिरवा. वरचंही फिरतं ना? दाब सोडला की खालचं फिरत राहतं, वरचं थांबतं. इंजिनाच्या मागे असंच आहे. फ्लायव्हील नावाचं जड चाक इंजिनाबरोबर फिरतं. त्याला चिकटून क्लच प्लेट असते, ती गिअरकडे जाणाऱ्या दांड्यावर बसलेली. तिला मागून प्रेशर प्लेट दाबून धरते, आणि या प्रेशर प्लेटमध्ये एक ताकदवान स्प्रिंग असते. तुम्ही पायाने पेडल दाबता तेव्हा केबल ओढली जाते, केबल एका फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि ते बेअरिंग स्प्रिंग दाबतं. मग दाब सुटतो आणि गिअर बदलता येतो. म्हणजे पायाखाली जे जड लागतं ते पेडलच्या सांध्यात असेल, केबलमध्ये असेल, नाहीतर आत गिअरबॉक्सच्या पुढच्या खोलीत असेल. या तीनच जागा.

काही गाड्यांत केबलऐवजी तेल असतं. त्याबद्दल शेवटी सांगते. मारुती आठशे, ऑम्नी यांच्यात केबलच आहे. आपल्या गाडीत काय आहे हे ओळखायला पेडलच्या वरच्या टोकाला बॅटरी लावून बघा. लोखंडी तार अडकवलेली दिसली तर केबल, छोटा दांडा समोरच्या पत्र्यातल्या नळकांड्यात जात असेल तर तेल.

आता शोधायचं कसं? पहिल्यांदा बिनपैशाच्या गोष्टी. पायाखालचं मॅट सरकून पेडलमागे गोळा झालंय का बघा. पाण्याची बाटली, फडकं तिथे अडकलेलं सापडतं. मग सीट. आपल्यातल्या बऱ्याच जणी उंचीने कमी, आणि सीट कुणा उंच माणसाने मागे सारून ठेवलेली. मग पाय ताणून, टाचेवर उचलून क्लच दाबावा लागतो आणि चांगला क्लचही दगडासारखा लागतो. पेडल पूर्ण तळाला गेल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. सीट तेवढी पुढे घ्या. पाठीमागे सुटी उशी ठेवू नका, ब्रेक मारताना ती सरकते.

यानंतर स्वतःला एक प्रश्न विचारा. क्लच एकदम जड झाला, की हळूहळू? काल बरा होता आणि आज जड झाला, तर केबलचे पदर तुटले असतील, ती कुठे अडकली असेल, किंवा पेडलच्या जागी काही निसटलं असेल. चार-सहा महिन्यांत कळत-नकळत जड होत गेला, तर केबल आतून खरबरीत झाली किंवा क्लच प्लेट झिजली. प्लेट झिजली की आतल्या स्प्रिंगची बसण्याची जागा बदलते आणि ती दाबायला जास्त जोर लागतो.

झिजलेल्या प्लेटची आणखी एक खूण आहे. बाजाराहून परत येताना एखादा घाट चढायचा असतो. तिथे गाडी भरलेली असताना इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. असं झालं तर प्लेट घसरतेय. असं काही नाही, गाडी चढ नीट ओढते, फक्त पाय जड आहे, तर आधी केबलवर संशय घ्या.

आता खरी परीक्षा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड, इंजिन बंद आणि थंड. केबलचं दुसरं टोक गिअरबॉक्सजवळ फोर्कच्या दांडीला अडकवलेलं असतं, तिथे पेच असलेला नट असतो. हा नट किती आत होता ते मोजून किंवा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. मग नट सैल करून केबल दांडीवरून काढा. खाली शिरावं लागत असेल तर एकट्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. मजबूत ठोकळे किंवा स्टँड लावल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

केबल सुटली की एकीने हाताने पेडल दाबायचं. आता पलीकडे ओढायला काहीच नाही, पेडल हाताने सहज जायला पाहिजे. तरीही जड असेल तर आतला क्लच निर्दोष, दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये. मग पेडलच्या बाजूचं टोकही काढा. नुसतं पेडल हलवून बघा: कुरकुरत, अडत असेल तर त्याच्या सांध्याचा बुश कोरडा पडलाय, साफ करून ग्रीस लावा. पेडल मोकळं असेल तर केबलची आतली तार हाताने मागेपुढे ओढा. चुनीदार परकरात नाडी कशी सरकते, तशी सरकली पाहिजे. मध्येच अडली, खरखरली, तर केबल गेली.

आमच्या त्या ताईची गाडी एका गॅरेजवाल्याने बघितली होती आणि पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितला होता. त्याचा खर्च हजारांत. केबल मात्र काही शेकड्यांत येते. आम्ही दोघी-तिघींनी वरची परीक्षा केली. फोर्ककडचं टोक काढलं, तरी पेडल तसंच जड. मग केबलचा सगळा रस्ता बोटांनी चाचपत गेलो. केबलला धरून ठेवणारी क्लिप पडून गेली होती, त्यामुळे ती सायलेन्सरच्या गरम पाइपाला टेकली होती. त्या जागी वरचं आवरण वितळून आत चिकटलं होतं. नवी केबल टाकली, नवी क्लिप बसवली. दुसऱ्या दिवशी ताईने बाजारातून आल्यावर बैठकीत सगळ्यांना एकेकीला बोलावून ते पेडल दाबायला लावलं! ड्रायव्हरचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

कधी कधी सुटी केबल हलकी वाटते, पण ताण आला की वळणावर घासते. म्हणून परीक्षेत पेडल हलकं लागलं तरी केबल जुनी असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी केबल बदलून बघावी असं माझं मत आहे. स्वस्तातला उपाय आधी.

केबल बदलताना ती मुळच्याच रस्त्याने गेली पाहिजे. जुन्या केबलच्या टोकाला लांब सुतळी बांधा आणि केबल ओढून काढा. सुतळी तिच्या जागी आत राहील. मग तिलाच नवी केबल बांधून ओढून घ्यायची. नाडी ओवायची युक्तीच ही. तीव्र वळण नको, गरम पाइपाला स्पर्श नको.

तेल घालून केबल मोकळी होईल का, असं पुष्कळ जणी विचारतात. जुन्या साध्या केबलला तेलाने थोडा आराम पडतो. पण आता बऱ्याच केबलींना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. तिथे तेल घातलं तर आपल्या भागातली धूळ त्यात बसून चिखल होतो आणि महिन्याभरात केबल पहिल्यापेक्षा जड. अडलेली केबल बदलणंच बरं.

नवी केबल बसली की मोकळी चाल बघा. पेडल बोटाने हलकेच दाबलं तर सुरुवातीला थोडं अंतर ते विनाजोर जातं, मग जड लागतं. हे विनाजोर अंतर साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढं असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तो पाळा. चाल अजिबात नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, प्लेट घसरून जळते आणि रिलीज बेअरिंगही झिजतं. फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कर्रकर्र करत पडतो. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हात लावून बघायची.

पेडल दाबताना पायाला बारीक कट् कट् जाणवू लागली तर केबलचे धागे तुटतायत. त्या गाडीने लांबचा पल्ला करू नका. रस्त्यातच तुटली तर घाबरायचं नाही. ब्रेक दाबून थांबा, इंजिन झटका देऊन बंद पडेल, पडू द्या. रस्त्याच्या मधोमध असाल तर गिअर न्यूट्रलला आणून गाडी ढकलून बाजूला घ्या. ढकलायला कुणी नसेल, तर जुन्या गाडीत पहिला गिअर टाकून, हँडब्रेक सोडून चावी फिरवा. स्टार्टरच्या जोरावर गाडी चार हात सरकते. समोर माणूस नाही ना, ते आधी बघा. ही युक्ती फक्त कडेला जाण्यापुरती.

आता दोष आतच निघाला तर? फोर्कचा सांधा गंजलेला असतो, विशेषतः गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर. पेडल दाबलं की किरकिर आवाज आणि सोडलं की बंद, तर रिलीज बेअरिंग. या कामाला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते गॅरेजचं काम. एकदा उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदलून घ्या, कारण मजुरी मोठी असते. आतली धूळ हवेने उडवू देऊ नका. जुन्या क्लच प्लेटींत ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. आणि जुने भाग परत मागा. बिलात तीन नग लिहिलेत तर तीन जुने नग हातात आले पाहिजेत.

राहिला तेलाचा क्लच. तो जड होण्याचं कारण बहुधा आतले रबर सील फुगणं किंवा रबरी नळी आतून बुजणं. हे बहुतेक वेळा चुकीचं तेल घातल्याने होतं. त्या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही चालत नाही. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घालायचं. ते रंगावर सांडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा. पेडल जड होण्याऐवजी मऊ, पोकळ लागत असेल तर उलटा दोष समजा: नळीत हवा शिरली आहे किंवा तेल गळतंय. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकला एकाच डबीतून तेल जातं. त्यामुळे डबीतली पातळी उतरलेली दिसली तर गळती सापडेपर्यंत ती गाडी बाजाराला काढू नका.