रानाला लागलेला जीव
(मंडळाच्या वाचन-विभागात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. पुस्तकावर विद्वानांसारखे बोलणे मला जमणार नाही. पण एक कादंबरी मनात अशी घर करून बसली आहे, की तिच्याविषयी चार शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. तिचे नाव 'आरण्यक'. 'पथेर पांचाली' लिहिणारे बंगाली लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ती आहे. १९३९ साली ती पुस्तकरूपाने निघाली. मी हिंदी भाषांतर वाचले.

विभूतिभूषण स्वतः बिहारात भागलपूरकडे एका जमीनदारीत नोकरीला होते. कथेतला सत्यचरणही तसाच. कलकत्त्यात बेकार असलेल्या या तरुणाला मित्राच्या जमीनदारीत मॅनेजरची जागा मिळते. काम काय, तर हजारो बिघे जुने रान कुळांना लावून द्यायचे. हळूहळू त्याचा जीव त्या रानावर जडतो, आणि तेच रान त्याच्या हाताने तुटत जाते!

प्रेमकथा म्हणाल तर तीही आहे. भानुमती ही संथाळ राजकन्या. राज्य केव्हाच गेलेले. घरातला म्हातारा राजा दोबरू पन्ना गुरे राखतो. हिला एका आरशाची हौस. भारतवर्ष कोठे आहे हे तिला ठाऊक नाही, पण आपल्या डोंगराचा तिला अभिमान आहे. हिच्याशी लग्न करून येथेच राहावे, असे सत्यचरणाच्या मनात येते. पण तो राहत नाही. नोकरीचा माणूस परत जातो.

मला सर्वांत आवडला तो युगलप्रसाद. हा गरीब माणूस लांबलांबून बिया नि वेली आणतो आणि सरस्वती कुंडी नावाच्या तळ्याकाठी लावतो. जमीन त्याची नाही, फुले विकायची नाहीत. रान सुंदर दिसावे, एवढाच त्याचा लोभ!

आता कोणी विचारील, रान राखायचे तर गरिबाने खायचे काय? या कादंबरीत कुंता नावाची विधवा आहे. पोरांसाठी उष्टा भात मिळावा म्हणून ती थंडीच्या रात्री कचेरीशी येऊन थांबते. तेथे भात म्हणजे चैन! पुढे सत्यचरण तिला सलामी न घेता थोडी जमीन देतो. भगिनींनो, चूल पेटवणाऱ्या बाईला यातले उत्तर पटकन कळते. कुंताच्या पोटाला जमीन लागली ती थोडीच. हजारो बिघे गेले ते सलामीच्या नि साऱ्याच्या हिशेबात. भुकेला सीमा असते, हावेला नसते.

त्या रानात टांडबारो नावाचा देव आहे. शिकाऱ्यांच्या खड्ड्याकडे रानरेड्यांचा कळप निघाला, की तो हात वर करून आडवा उभा राहतो. आपल्या सह्याद्रीतल्या देवराईतही देवाच्या धाकानेच झाडे उभी राहिली ना! सत्यचरण मात्र शेवटी वनदेवतांची क्षमा मागतो. मला वाटते, मागाहून क्षमा मागण्यापेक्षा वेळेवर हात आडवा घालणे बरे. ते जमले नाही, तर निदान युगलप्रसादासारखे एक रोप तरी लावावे, आपल्या मालकीचे नसलेल्या जागेतही.