दुकानाची तपासणी कोणी करावयाची?



आमचे शाळेतील शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे सारे कामगारांच्या खोल्यांतून, कायद्याची पुस्तके मागून आणून झाले. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नये. आज आम्ही बोलणार आहोत ते किराणा दुकानाविषयी. आपल्या कोपरला खालून कल्याणची गाडी जाते व वरून वसई-दिव्याची. दोन्ही गाड्यांतून संध्याकाळी उतरणारा माणूस घरी जाण्यापूर्वी वाण्याच्या पायरीवर थांबतो. तेथे तो जे घेतो, तेच त्याच्या पोरांच्या पोटात जाते.

१९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचा अंमल पुरतेपणी सुरू झाला. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येतो, किंमत देऊन नमुना घेतो व त्याचे चार भाग करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात, आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, असे कायदा म्हणतो. व्यवस्था वाईट नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. हा प्रश्न दोन पैशांच्या फसवणुकीचा नव्हे, हे त्यावरून कळावे.

परंतु अधिकारी येतो तो घटका-दोन घटका. दुकानातला नोकर दिवसभर तेथे उभा असतो. गोणीत काय ओतले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

काही वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आमच्याकडे आला. मुदत संपलेल्या बेसनाच्या पिशव्या रात्री फोडून सुट्या बेसनाच्या डब्यात ओतण्यास त्याला सांगितले होते. त्याने नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. आम्ही मालकाशी भांडलो, थकलेला पगार व वर दीड महिन्याचे पैसे मिळवून दिले, आणि जिंकल्याच्या आनंदात चहा मागविला. पोरगा पैसे खिशात घालून उठला व म्हणाला, "काका, त्या बेसनाचं काय झालं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तडजोडीत बेसनाचा शब्दही आम्ही काढला नव्हता. दिवस श्रावणाचे होते. त्याचे लाडू कोणाच्या घरी वळले गेले, देव जाणे! खबर देणाऱ्यास बक्षिसाची तरतूद कायद्यात आहे. पण त्या पोराला बक्षीस नको होते, नोकरी हवी होती. तेव्हापासून दुकान-नोकरांच्या प्रत्येक तंट्यात आम्ही पगाराबरोबर मालाचीही विचारपूस करतो.

वाण्याला शत्रू समजू नका. त्यालाही ठोक व्यापारी बंद गोणी देतो. कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे मुदत संपलेला माल विकणारा दोषी. आणि माल कोणाकडून आणला हे ज्याला सांगता येत नाही, तोही दोषी. म्हणून खरेदीचे बिल जपणारा वाणी स्वतःलाच जपत असतो. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर चौदा आकडी परवाना अथवा नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे झाले. ४० व्या कलमाप्रमाणे तुम्हीआम्हीही शुल्क भरून विकत घेतलेला जिन्नस विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष सिद्ध झाला तर शुल्क परत मिळते.

मात्र उधारीच्या वहीत ज्याचे नाव आहे, त्याने बिल कोणत्या तोंडाने मागावे? महिनाअखेरीस वाणी सांभाळून घेतो, तेव्हा तो गप्प बसतो. बंधुभगिनींनो, या मंडपात रोख पैसे मोजणारे पुष्कळ आहेत. उद्या पायरीवर उभे राहून बिल तुम्ही मागा. तुमच्यामागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी मागा. आणि आत डाळ तोलणाऱ्या पोराने खरे सांगितले, तर त्याला एकटे सोडू नका.