भाड्याच्या खोल्या आणि आपली पुंजी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने या वर्षी आम्हांस भाड्याच्या खोल्यांविषयी बोलावयास सांगितले. विषय रूक्ष आहे खरा; परंतु जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ज्या घरी चार पैसे शिल्लक पडले आहेत, त्या घरी रात्री जेवणानंतर याच विषयाची चर्चा चालते, हे आपण सारे जाणतो. पुणे-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणात कोणाची जमीन गेली व मोबदला हाती आला; कोणी निवृत्त होऊन फंडाची रक्कम घेऊन गावी परतले; कोणास टोमॅटोने एखाद्या वर्षी हात दिला. हा पैसा गुंतवावा कोठे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. मंचर, नारायणगाव, आळेफाटा अथवा थेट चाकण येथे रस्त्यालगत दोन गुंठे घ्यावे, ओळीने आठ खोल्या काढाव्या, सामाईक नळ व संडास बांधावा आणि महिन्याच्या महिन्यास भाडे मोजीत बसावे. यातील 'बसावे' या शब्दासच आमचा मुख्य आक्षेप आहे.

खोली ही वस्तू आपल्या मंडळींस नवी नाही. मात्र आपण ती आजवर भाडेकरूच्या बाजूने पाहिली. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी या तालुक्यांतून माणसे मुंबईस गेली ती हमालीस, भाजीबाजारात आणि जेवणाचे डबे पोहोचविण्यास. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर हेच डबेवाल्यांचे माहेर. एका खोलीत दहा-बारा गडी, पाळीपाळीने झोपणे, वळकटी भिंतीशी, ट्रंक माळ्यावर, जेवण खाणावळीत. त्या खोलीचे भाडे ज्याच्या खिशात गेले, त्याचे पुढे काय झाले हे मात्र आपण फारसे विचारले नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेविली. भाडेकरूस आसरा मिळाला, हे चांगलेच झाले. पण मालकाने डागडुजी सोडून दिली, चाळी खचू लागल्या, आणि अखेर 1969 साली दुरुस्तीसाठी सरकारला स्वतंत्र मंडळ नेमणारा कायदा करावा लागला. खोलीच्या धंद्यात एक बाजू कायमची बुडाली, तर कालांतराने दुसरीच्या डोक्यावरचे छप्परही गळू लागते.

आता थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणाकरिता घेतो. ते आपापल्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्यावे. जमीन सोडून बांधकामास 30 लक्ष रुपये लागले आणि आठ खोल्या प्रत्येकी 3,000 रुपये भाड्याने गेल्या, असे धरू. वर्षाचे 2,88,000 रुपये झाले. सांगणारा येथेच थांबतो आणि ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. परंतु बाराही महिने आठही खोल्या भरलेल्या असतात असा मालक आम्ही पाहिलेला नाही. दहा महिन्यांचे भाडे धरावे. म्हणजे 2,40,000 झाले. त्यातून घरपट्टी, पाण्याचा टँकर, सामाईक वीज, मोटार जळणे, संडासाची टाकी उपसणे, रंगसफेदी व देखरेख करणाऱ्याचा मेहनताना मिळून 60,000 वजा करा. उरले 1,80,000, म्हणजे गुंतवणुकीवर सहा टक्के, आणि जमिनीची किंमत अजून धरलेलीच नाही. ज्याने घरचा पैसा घातला, त्यास हे परवडेल. ज्याने नऊ-दहा टक्क्यांच्या कर्जाने बांधले, तो भाडेकरूचा मालक नसून बँकेचा गडी होय.

दुसरी गोष्ट, खोल्या कोणाच्या भरवशावर बांधावयाच्या. चाकणला मोटारींचे कारखाने आल्यापासून तेथल्या शेतकऱ्यांनी शेतांत खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी पुकारली गेली आणि परप्रांतीय कामगार पाठीवर बोचके घेऊन निघाले. ज्यांचे सारे भाडेकरू एकाच धंद्यातले, त्यांची ओळच्या ओळ रिकामी झाली. मुंबईकरांना हे नवीन नव्हते. जानेवारी 1982 च्या गिरणी-संपानंतर गिरणगावातील कित्येक बिऱ्हाडे गावची वाट धरून गेली होती. म्हणून कारखान्याच्या फाटकाशीच सारी पुंजी पुरण्यापेक्षा, जेथे विद्यार्थी, शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका व बाजारपेठेतील नोकर अशी मिश्र वस्ती मिळते, ते गाव बरे. अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नारायणगावास टोमॅटोचा मोठा बाजार आहे. भाडे तेथे थोडे कमी येईल, पण झोप लागेल.

कागदपत्रांविषयी आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. 'पोरगा ओळखीचा आहे, लिहून काय घ्यावयाचे?' हे वाक्य आपल्याकडे मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने करार लेखी असावा व नोंदविलेला असावा, असे ठरविले आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ओळखीच्या पोराशी करार केल्याने ओळख मोडत नाही.

पण भाडेकरूने बुडविलेल्या घरांपेक्षा भावाभावांत बुडालेली घरे आम्ही अधिक पाहिली. जमीन वडिलार्जित, पैसा मुंबईच्या थोरल्याचा, राबता गावच्या धाकट्याचा, भाडे जमा होते वहिनींच्या हाती, आणि सातबारा अजून आजोबांच्याच नावावर! आठ खोल्यांचे भाडे तिघांत कसे वाटावयाचे हे वीट लावण्यापूर्वी कोणी बोलत नाही, कारण बोलणे वाईट दिसते. बहिणीला तर विचारावयाचे कोणाच्या मनातही येत नाही. 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तेव्हा पायाभरणीचा नारळ फोडण्याआधी बहिणीस सन्मानाने बोलावून, तिचा हिस्सा कागदावर मांडूनच पुढे जावे. भाऊबीजेची साडी ही हक्कसोडपत्राची किंमत नव्हे, हे येथे बसलेल्या बंधूंनी मनावर घ्यावे. (टाळ्या प्रथम भगिनींच्या बाजूने आल्या, याची नोंद असू द्यावी.)

आता काही सभासदांनी मांडलेली सूचना : मंडळानेच सर्वांकडून रक्कम गोळा करून मंचरला खोल्या बांधाव्या, सभासदांस दरसाल लाभांश द्यावा आणि खोल्या फक्त आपल्या ज्ञातीतील लोकांस द्याव्या. या सूचनेमागील आपुलकी आम्ही जाणतो, तरीही तीस आमचा विरोध आहे. मंडळ हा सार्वजनिक न्यास आहे. न्यासाच्या मिळकतीचा नफा सभासदांत वाटता येत नाही. ठराविक व्याजाने ठेवी घेतल्या आणि त्या वेळेवर परत गेल्या नाहीत, तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदा पदाधिकाऱ्यांच्या स्वतःच्या घरादारापर्यंत पोहोचतो. नफ्याचा धंदा ज्याने त्याने आपल्या नावावर, आपल्या जबाबदारीवर करावा.

मंडळाने करण्याजोगे काम निराळे आहे, आणि त्यास जुना आधार आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांनी 'कूड' चालविले. गावचा खलाशी बोटीची वाट पाहत अल्प वर्गणीत तेथे राहू शके. नफा कोणीच घेत नसे. पुढे 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली. आपणही मंचरला मुलींसाठी बारा जणींची सोय होईल असे घर प्रथम भाड्याने घ्यावे, बांधण्याची घाई करू नये. प्रवेश गरज पाहून द्यावा, जात पाहून नव्हे. आदिवासी पट्ट्यातील एखादी मुलगी आपल्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर झोपली, तर मंडळाचे काही उणे होणार नाही. आपल्याच मुलींपुरते दार उघडे ठेविले, तर खाटा भरणार नाहीत, हा व्यवहारही लक्षात घ्यावा.

या कामी कार्यकारिणीने पाच जणांची समिती नेमावी, अशी आमची विनंती आहे. त्यांत निदान तिघी महिला असाव्या. घर पाहावयास जाल तेव्हा त्यांना पुढे जाऊ द्यावे. दाराची कडी आतून नीट लागते की नाही, न्हाणीघर अंगणाच्या कोणत्या टोकास आहे, आणि एस. टी. थांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर सायंकाळी सात वाजता दिवा असतो काय, हे त्या आधी पाहतील; भाड्याची घासाघीस आपण पुरुषांनी मागाहून करावी.