शहरात खोली घेताना



बारावीचा निकाल लागला की आपल्या सिरसाळ्यात घरोघर एकच बोलणं सुरू होतं. पोरगं पास झालं, आता पुढं काय? कुणी परळीला जातं, कुणी अंबाजोगाईला. काहींना मात्र लांब, छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. तिथं आपलं विद्यापीठ आहे. ते १९५८ साली सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १९९४ साली आपल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं.

विद्यापीठ जवळ आलं, पण शिकणाऱ्याला राहायला जागा लागते. त्याविषयी चार गोष्टी आम्ही आज सांगणार आहोत.

आधी वसतिगृहासाठी अर्ज करावा. विद्यापीठाची वसतिगृहं आहेत, समाजकल्याण खात्याचीही आहेत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी स्वाधार योजना आहे. तिचे पैसे मुलाच्या बँक खात्यात येतात. इतर समाजांसाठीही योजना आहेत. कॉलेजच्या कार्यालयात विचारावं. विचारायला लाजू नये. अर्जाची मुदत मात्र चुकवू नये.

वसतिगृह मिळालं नाही, तर खोली पाहावी लागते. काही ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा येतो. हे दुखणं जुनं आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आले. एवढा शिकलेला माणूस, पण त्यांना कुणी घर देईना. ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढलं. आज त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात आपली मुलं शिकतात. उद्या आपल्या गावात कुणी परका खोली मागायला आला, तर आपण त्याला जात विचारू नये.

आता कागदाची गोष्ट. यात आम्ही स्वतः फसलो आहोत. काही वर्षांपूर्वी पुतण्यासाठी शहरात खोली घेतली. आम्ही मुख्याध्यापक. गावाचे कागद वाचून द्यायचो. पण त्या दिवशी एस.टी. चुकेल म्हणून घाईत न वाचता सही केली. सहाव्या महिन्यात पुतण्या आजारी पडून घरी आला. अनामत रक्कम मागायला गेलो, तर मालकानं कागद पुढं केला. अकरा महिन्यांच्या आत खोली सोडली तर अनामत परत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही आमचीच. कुणाला काय बोलणार?

नंतर आमच्या रात्रीच्या वर्गातला एक ऊसतोड करणारा गडी आम्हाला सोबत घेऊन गेला. त्याच्या मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. खोली पसंत पडली, पैसे दिले. दलाल म्हणाला, "गुरुजी सोबत आहेत ना? मग करा सही." गड्यानं कागद हातात घेतला. ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावून वाचू लागला. दलाल घड्याळ पाहू लागला. खरं सांगतो, आम्हालाही संकोच वाटला. 'आटप लवकर' असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात तो थांबला.

"गुरुजी, इथं दहा हजार लिहिलंय. आपुन तर पंधरा दिलेत."

खरंच तसं होतं. दलाल म्हणाला, लिहिताना चुकलं. कागद दुरुस्त झाला, मगच सही झाली.

परत येताना गडी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मुकादमाच्या कागदावर वीस वर्षं अंगठा दिला. त्यात काय लिहिलं होतं, ते आता कोण सांगणार?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

मंडळी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. तो सांगतो की भाड्याचा करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी. ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडं दिलं की पावती मागावी. कागदात पाच गोष्टी नीट पाहाव्यात: भाडं किती, अनामत किती, मुदत किती, वीज आणि पाण्याचे पैसे कोण भरणार, आणि खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं. वीजमीटरवरचा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. कराराची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

दहा वेळा अडखळलात तरी चालेल. समोरचा घाई करील, करू द्या. एस.टी. गेली तर दुसरी येते. एकदा केलेली सही मात्र परत घेता येत नाही.