वळूची पारख आणि आनुवंशिक तपासणी
(निमगाव सावा, ता. जुन्नर येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतीचे रूप पालटले. उसाबरोबर हिरवी वैरण आली आणि वैरणीमागून संकरित गाय दारात आली. निमगाव सावा व परिसरातील अनेक कुटुंबांचा रोजचा खर्च आज दुधाच्या पैशावर चालतो. परंतु गाय वेळेवर गाभण राहिली आणि सुखरूप व्याली तरच दूध मिळते. एक माज वाया गेला की एकवीस दिवसांचा चारा व खुराक पशुपालकाच्या अंगावर पडतो. असे तीन-चार वेळा घडले, तर गाय भाकड ठरून बाजाराची वाट धरते.

गाय वारंवार उलटण्याची बहुतेक कारणे गोठ्यातच असतात. अपुरा आहार, खनिजांची उणीव, गर्भाशयाचा संसर्ग, माज ओळखण्यात झालेली चूक किंवा रेतनाची चुकलेली वेळ ही त्यांतील प्रमुख होत. त्यांवर उपाय करता येतो. मात्र एक कारण डोळ्यांना दिसत नाही. ते रक्तातून, पिढ्यान्‌पिढ्या चालत येते.

प्रत्येक वासराला आनुवंशिक गुणांची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. एक प्रत सदोष आणि दुसरी निर्दोष असेल, तर असा दोष बहुधा झाकलेला राहतो. ते जनावर धट्टेकट्टे दिसते, भरपूर दूधही देते. पण ते दोषाचे वाहक असते. वाहक गाय व वाहक वळू यांचा संयोग झाला, तर सरासरीने चार गर्भांपैकी एकाला दोन्ही सदोष प्रती मिळतात. दोष प्राणघातक असल्यास तो गर्भ पोटातच मरतो. शाळेत मेंडेलच्या वाटाण्यांवरून शिकविले जाणारे हे गणित गोठ्यातही तसेच लागू पडते. शुद्ध जातीच्या श्वानांचे पैदासकार हाच धोका ओळखून जोडी लावण्यापूर्वी नर-मादीची तपासणी करून घेतात.

अशा दोषाची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा होल्स्टीन वळू १९६२ साली जन्मला. त्याच्या मुली विपुल दूध देत, म्हणून त्याचे रेत सर्वत्र वापरले गेले. त्याला सोळा हजार मुली झाल्या आणि नाती-पणत्यांची संख्या लाखांवर गेली. २०११ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, हजारो जनावरांच्या तपासणीत गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा आई व बाप दोघांकडून मिळालेले एकही जिवंत जनावर सापडत नाही. पुढे त्याचा माग चीफपर्यंत पोहोचला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या एका दोषामुळे जगभर सुमारे पाच लाख गर्भपात झाले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचे नुकसान झाले. त्याच वळूमुळे झालेल्या दूधवाढीचे मोल मात्र ३,००० कोटी डॉलर आहे, असाही अंदाज त्यात दिला आहे. गुण आणि दोष एकाच रेतातून घरोघरी गेले. तपासणीचे साधन तेव्हा असते, तर गुण ठेवून दोष टाळता आला असता.

ते साधन आज उपलब्ध आहे. १९६४ साली स्वीडनमध्ये गुस्तावसन यांनी गाईबैलांच्या दोन गुणसूत्रांची जोड लागल्याचा दोष शोधून काढला. त्यामुळे साठऐवजी एकोणसाठ गुणसूत्रे असलेले जनावर निरोगी दिसते; पण त्याची जननक्षमता घटते. ‘डम्प्स’ नावाच्या दुसऱ्या दोषात गर्भ सुमारे चाळिसाव्या दिवशी नष्ट होतो. गाय एकविसाव्या दिवशी माजावर येत नाही, म्हणून पशुपालक निश्चिंत राहतो आणि दीड-दोन महिन्यांनी ती पुन्हा माज दाखवते. ‘ब्लॅड’ या दोषाने वासराची रोगप्रतिकारशक्ती जाते. त्याचे वाहक भारतातील होल्स्टीन व संकरित वळूंमध्येही आढळले आहेत. म्हणून केंद्र शासनाच्या किमान मानकांनुसार गोठित रेतन केंद्रांवरील वळूंची गुणसूत्रे तपासली जातात, तसेच होल्स्टीन व त्यांच्या संकरित वळूंची अशा आनुवंशिक दोषांसाठी चाचणी होते. थोडेसे रक्त त्यासाठी पुरते.

पुणे जिल्ह्याला पैदाशीच्या कार्याची जुनी परंपरा आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. परंतु प्रयोगशाळेत झालेल्या तपासणीचा पूर्ण लाभ गावाने नोंद ठेवली तरच मिळतो. रेताच्या प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. बहुतेक ठिकाणी गाय भरविल्यावर ती कांडी उकिरड्यावर जाते आणि वासराच्या बापाची ओळखही तिच्याबरोबर नाहीशी होते. दोन-तीन वर्षांनी त्याच वळूचे रेत त्याच्याच मुलीला दिले गेले, तरी कोणाला कळत नाही. झाकलेले दोष उघडे पडण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे. मोकाट फिरणाऱ्या, तपासणी न झालेल्या गावच्या वळूकडून गाय भरविण्यातही हाच धोका असतो.

यावर उपाय अल्प खर्चाचा आहे. गाईचा कानातील बिल्ल्याचा क्रमांक, रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक, गाय उलटली असल्यास कितव्या दिवशी आणि गाभ टाकला असल्यास कितव्या महिन्यात, एवढी नोंद एका वहीत पुरेशी आहे. ग्रामपंचायतीने दूध संस्थेच्या साहाय्याने अशा वह्या घरोघरी द्याव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गोठ्याची वंशावळ लिहून घ्यावी. आनुवंशिकतेचा धडा त्यातून आपोआप शिकविला जाईल. एकाच वळूच्या गाभांत पुनःपुन्हा अपयश दिसल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी ते रेतन केंद्राला कळवावे.

पूर्वी वळूची पारख वशिंड, छाती आणि चाल पाहून होत असे. ती नजर आजही हवी. तिच्या जोडीला रक्ताची तपासणी आणि वहीतील नोंद आली, तर गाईच्या नशिबाला लावला जाणारा बोल पुष्कळ कमी होईल आणि बाजाराची वाट धरणारी एखादी चांगली गाय गोठ्यातच राहील.