पाण्याची भीती आणि माझी पहिली ट्रायथलॉन

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)





समोरच्या बाकांवर बसून मी अशी कित्येक भाषणे ऐकली. आज येथे उभे राहण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु आरंभीच सांगतो, मी पदक जिंकून आलेलो नाही. पहिल्या ट्रायथलॉनमध्ये माझा क्रमांक शेवटून तिसरा होता. तरीही सांगण्याजोगे काही आहे, आणि ते मुलांइतकेच पालकांसाठीही आहे.

ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ एक पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे. मध्ये विश्रांती नाही. कपडे बदलण्याचा वेळही शर्यतीतच मोजला जातो. 2000 साली सिडनी येथे या खेळाचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला. तेथे 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणे असते. नवशिक्यांसाठी याच्या निम्मे अंतर असते; मी तेच केले. अत्यंत खडतर प्रकार ‘आयर्नमॅन’ : 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि शेवटी पूर्ण मॅरेथॉन. 2018 साली नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त डॉ. रवींद्र सिंगल यांनी फ्रान्समध्ये तो पूर्ण केला. पुढच्याच वर्षी त्यांची कन्या रविजा हिने अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे तो पूर्ण केला. आपल्या गावची मुलगी हे करते, हे वाचून माझ्याही मनात हौस निर्माण झाली.

धावण्याची मला सवय होती. गोल्फ क्लब मैदानाच्या किती फेऱ्या मारल्या असतील, त्याची गणती नाही. सायकलवर त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत असे. अडचण होती ती पाण्याची. माझ्या अम्मीचा धाकटा भाऊ, माझे मामू, वयाच्या चौदाव्या वर्षी नदीत बुडून वारले. मी त्यांना पाहिलेलेही नाही. पण आमचे घर त्यांच्या मृत्यूच्या सावलीतच वाढले. पावसाळ्यात आम्हा भावंडांना गोदाघाटाकडे फिरकण्याची मनाई होती. घरी पोहण्याचे नाव काढण्याची सोय नव्हती.

मग मी जे केले, ते तुम्ही करू नका. त्र्यंबक रस्त्यावरील महापालिकेच्या तलावात मी घरी न सांगता पोहणे शिकू लागलो. तीन आठवड्यांनी अम्मीच्या हाती माझा ओला टॉवेल लागला. ती रागावली नाही. दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. ते मला अधिक लागले. तिसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, “चल, मला दाखव.” ते तलावाच्या काठावर तासभर बसले. शिकवणारे उस्ताद कोण, जीवरक्षक कोठे उभे असतात, पाणी किती खोल आहे, सारे त्यांनी विचारून घेतले. घरी येऊन अम्मीला एवढेच म्हणाले, “तुझ्या भावाला कोणी शिकवले नव्हते. याला शिकू दे.” अम्मी पुष्कळ वेळ रडली, आणि मग तिने होकार दिला.

शर्यतीच्या दिवशी धरणाच्या पाण्यात शे-दीडशे जण एकदम उतरले. तलावातील पाणी आणि हे पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक. तळ दिसत नाही, धरायला कठडा नाही. पहिल्या शंभर मीटरमध्येच कोणाचा पाय माझ्या तोंडावर बसला, चष्मा सरकला, नाकातोंडात पाणी गेले. त्या क्षणी मला मामू आठवले. परंतु उस्तादांनी शिकवलेले हातपाय विसरले नव्हते. मी उताणा झालो, तरंगत राहिलो आणि हात वर केला. रक्षणाची होडी जवळ आली. ती धरून दम घेण्यास नियमाने मुभा असते. मात्र तिच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. दहा श्वास मोजले, होडी सोडली आणि पुन्हा पोहू लागलो. काठाला लागलो तेव्हा मागे मोजकेच राहिले होते. सायकलवर काहींना गाठले. पण सायकलवरून उतरून धावताना पाय लाकडासारखे झाले, आणि तेच लोक मला हसत हसत मागे टाकून गेले. मी पोचलो तेव्हा मंडपाचे खांब उतरवणे चालू होते. अब्बा तेथे उभे होते.

भीती वाटणे ही शरमेची गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ पाहा. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदण्याची मजुरी. पुढे ते सैन्यात गेले आणि वल्हे हाती घेतले, तेव्हा त्यांनाही पाण्याची भीती वाटत असे. तेच दत्तू 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावे आले, आणि 2018 सालच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या चार जणांच्या संघात होते.

पालकहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. शाळकरी मुलांना पोहणे व पाण्यातील सुरक्षितता शिकवावी, असे हीच संघटना सांगते. मनाई केल्याने मूल पाण्यापासून दूर राहतेच असे नाही. मित्रांबरोबर चोरून जाते, आणि तेथे ना उस्ताद असतो ना जीवरक्षक. आणि मुलांनो, तलावात पोहता आले म्हणजे पुरात उतरण्याचा परवाना मिळाला, असे समजू नका. गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि ते दुतोंड्या मारुतीला लागले, की चांगल्या पोहणाऱ्यानेही काठावरच राहावे. कोणी बुडताना दिसले तर उडी घेऊ नका. दोर, ओढणी, बांबू, हाताला लागेल ते फेका आणि मोठ्यांना हाक मारा.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. गेल्या महिन्यापासून माझी धाकटी बहीण महिलांच्या वेळेत पोहायला जाते. तिला सोडायला मी जात नाही, अब्बाही जात नाहीत. अम्मी जाते, आणि ती बाहेर येईपर्यंत काठावर बसून राहते.