संशोधकाच्या निर्वाहाचा प्रश्न
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वैद्यक, अभियांत्रिकी व हिशेबशास्त्र यांत यश मिळविलेल्या मुलामुलींचा आज येथे गौरव झाला, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र इतिहास, भाषा, साहित्य व कला यांच्या अभ्यासकांसाठी आपण काय करतो, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

या प्रश्नाचे एक उत्तर रोह्यातच सापडते. चिंतामणराव देशमुखांचे बालपण येथे गेले. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र अभ्यासिले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद व देशाचे अर्थमंत्रिपद भूषविले. तरीही संस्कृत सुटले नाही. मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले. १९५६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची धुराही त्यांनी वाहिली. एका दात्याच्या स्मृतीस वाहिलेली शिष्यवृत्ती किती दूरवर फळते, हे यावरून दिसते.

याच आयोगाकडून आज कनिष्ठ संशोधकास दरमहा ३७,००० रुपये मिळतात. परंतु त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा, वयाची मर्यादा आणि विद्यापीठातील नोंदणी आवश्यक असते. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल किंवा घरसंसार सांभाळून मोडी शिकलेली भगिनी यांना त्या दारातून प्रवेश नाही. इतिहासाचार्य राजवाडे नियमित वेतनावाचून गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड त्यांनी प्रसिद्ध केले. त्यांच्या त्यागास आमचे वंदन आहे. परंतु प्रत्येक अभ्यासकाकडून तशाच त्यागाची अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे.

दरम्यान आपल्या घरांत काय चालले आहे? जुने वाडे पाडताना माळ्यावरील पेट्या उघडतात. त्यांतील मोडी कागद कोणास वाचता येत नाहीत, म्हणून ते रद्दीत जातात. खारेपाटातील बांधांची दुरुस्ती गावांनी कशी वाटून घेतली, मिठागरांचे करार कसे होत, हे सांगणारा कागद कदाचित त्यांतच असेल. एकदा गेलेला कागद कोणत्याही देणगीने परत येत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : आपल्या मंडळाने पेण व रोहे या दोन तालुक्यांसाठी दरवर्षी एक संशोधनवृत्ती द्यावी. आयोगाच्या दराने वर्षाचे ४,४४,००० रुपये होतात. तेवढी ऐपत नसल्यास सहा महिन्यांची द्यावी, पण ती महिन्याच्या महिन्यास पोचावी. प्रवास, छायाचित्रे व नकला यांचा खर्च वेगळा धरावा. वर्षअखेर सूची व अहवाल घ्यावा आणि मूळ कागद ज्याचे त्यास परत करावेत.

यात एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. वृत्ती कोणत्याही ज्ञातीच्या लायक अभ्यासकास मिळावी, आणि आपल्या पूर्वजांचा गौरवच निघाला पाहिजे अशी अट त्यास घालू नये. कागदात आपल्या घराण्याचा अन्याय आढळला तर तोही छापला जावा. स्तुती विकत घ्यावयाची असेल तर संशोधकाची गरज नाही.

घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या माळ्यावरची पेटी एकदा उघडून पाहावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.